तेल न खाणारी गाडी

गुंडाआप्पांनी जीपच्या इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली आणि पुन्हा काढली. तेल खालच्या खुणेला जेमतेम टेकलं होतं. गाडी उताराला असेल म्हणून काल संध्याकाळीच त्यांनी ती शाळेपुढच्या सपाट फरशीवर आणून लावली होती. म्हणजे जमिनीचाही दोष नव्हता. तिसऱ्यांदा बघायची गरज नव्हती, तरी त्यांनी बघितलं.

अकरा वाजता सांगलीचा इंद्रजित विकत घेतलेली गाडी न्यायला येणार होता.

आप्पांनी वीस वर्षं फौजेत गाड्या चालवल्या. रिटायर झाल्यावर त्यांनी ही जीप घेतली. सव्वातीन लाख किलोमीटर झाले होते. गावातलं कुणी आजारी पडो, कुणाची लेक बाळंतपणाला अडो, आप्पांची जीप कराडला निघायची. कोयनेचा घाट तर तिला अंगणासारखा. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, आप्पा पट्टी काढून बघायचे. तेल कायम वरच्या खुणेला. कधी कधी तर केसभर वरच. पट्टी हातात धरून ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. “गाडीला बघू नका, ड्रायव्हरला बघा. एक थेंब खात न्हाई. ज्या दिवशी खाईल, त्या दिवशी चावी दुसऱ्याच्या हातात.”

शालूबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या असायच्या. “झाली का तपासणी? माझी नाडी कवा अशी बघितली न्हाईसा,” म्हणायच्या. आप्पा हसायचे. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

शालूबाईंना जाऊन तीन महिने झाले. दिवसकार्य आटपल्यावर पहिल्या रविवारी आप्पांनी पट्टी काढली, तर तेल बोटाच्या पेराएवढं खाली. नंतरच्या रविवारी आणखी. आप्पा समजले. गाडीचा नव्हे, आपलाच हात बिघडला होता. घाटात कुठला गिअर पडलाय याचं भान राहत नव्हतं. मागच्या बाजारी तर एका वळणावर ते शेजारच्या रिकाम्या सीटला “पाणी दे गं” म्हणाले होते. अशा माणसाच्या हाती गाडी राहून तिचं भलं व्हायचं नव्हतं. आणि शब्द दिलेला, तोही गावापुढं.

जोतिबा मिस्त्री तेलाचा डबा घेऊन आला. दुसऱ्याच्या हाती गाडी द्यायची तर तेल भरून द्यावी, म्हणून आप्पांनीच त्याला बोलावलं होतं.

“बाई गेली आन् गाडीनंबी खायला सुरुवात केली बघ,” आप्पा म्हणाले.

जोतिबाने झाकण काढलं, तेल ओतलं. मग म्हणाला, “आप्पा, इकू नका.”

“शब्द दिलाय मी. तेल खाईल त्या दिवशी चावी देणार.”

“मग तुमाला चार वर्सं उशीर झालाय.”

“म्हंजी?”

“चार वर्सं खातीया ही,” जोतिबा डब्याचं बूच लावत म्हणाला. “मला सर्व्हिसिंगला कळलं, ते काकींच्या कानावर घातलं. मग काकी बाजाराला आल्या की माझ्याकडनं डबा न्यायच्या. पिशवीत खाली डबा, वर मेथी. शनिवारी तुमी मारुतीला गेला की बॉनेट उघडून वतायच्या. पयल्यांदा जरा जास्तच पडलं. तर तुमी गावभर सांगत सुटला, आमच्या गाडीचं तेल वाढतंय म्हणून.”

“मागनं धूर येतोय का, म्हणून मी तुला इचारलं हुतं. तू म्हणालास डिझेल खराब हाय.”

“ते त्यांनीच शिकवलं हुतं.”

“आन् तिला तेल वतायला कुणी शिकवलं? बॉनेटची कळ कुठं असती ते ठावं नव्हतं तिला.”

“तुमीच की. दर रविवारी च्या घिऊन दारात हुब्या ऱ्हायच्या, त्या काय तुमचं त्वांड बघायला?”

आप्पा बंपरवर टेकले. चार वर्षं सगळ्या गावाला पट्टी दाखवत फिरलो आपण. बायको आणि मिस्त्री मागं काय म्हणत असतील?

“माझी फुशारकी राखायला एवढा खटाटोप केला व्हय रं तिनं?”

“मीबी तसंच म्हणालो त्यांना,” जोतिबा म्हणाला. “तर म्हणाल्या, फुशारकी गेली खड्ड्यात. सांगलीच्या डाक्टरनं मला काय ते सांगितलंय. गाडी तेल खाती हे ह्यांना कळलं तर हे ती इकतील, शब्दाचं लय खूळ हाय. मग मी गेल्यावर हे माणूस भिताडाला पाठ लावून बसंल. गाडी असली, तर कुणाला तरी दवाखान्यात न्यायला उठंल तरी.”

फडकं आप्पांच्या हातातच होतं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, चौघडी घातली. जोतिबा मुद्दामच गाडीच्या पलीकडं जाऊन चाकातली हवा बघत बसला.

खिशातला फोन वाजला. इंद्रजित होता.

“आप्पा, कराडला पोचलोय. अर्ध्या तासात येतो. आधीच एक विचारून ठेवतो. गाडी ऑइल खात नाही ना?”

या प्रश्नाला आप्पांचं एकच ठरलेलं उत्तर होतं. त्यांनी बॉनेट खाली घेतलं. एरवी आपटून लावायचे, आज दोन्ही हातांनी दाबून लावलं.

“खाती गड्या,” ते म्हणाले. “सारखं बघावं लागतं तिच्याकडं. तुमाला न्हाई जमायचं.”