काचेवरचं वर्तुळ

कर्करोगाच्या तपासणीतून मानवी चूक कायमची हद्दपार झाली होती. म्हणजे स्लाइडवरची तपासायची जागा यंत्र निवडायचं आणि डॉ. हेमांगी केरकर यंत्रावरची धूळ पुसायच्या.

आज यंत्राने धुरी नावाच्या रुग्णाच्या फुप्फुसातल्या गाठीचा शेवटचा काप नाकारला. कारण: गाठीच्या पेशी अपुऱ्या. पुन्हा सुई घालून तुकडा काढणं धुरींना सोसणार नव्हतं, आणि पेशींत जनुकदोष सापडल्याशिवाय त्यावरची गोळी मिळणार नव्हती.

डॉक्टरांनी कपाटावरचं जुनं सूक्ष्मदर्शक उतरवलं.

"मेलेल्या भागातच शोधत बसलंय हे. कडेला बघा, चाळीसेक चांगल्या पेशी आहेत."

"मॅडम, माणसाने बघायला बंदी आहे," तंत्रज्ञ इनामदार म्हणाले आणि दार लावून घेतलं. "सरका जरा, मलाही बघू द्या."

डॉक्टरांनी काचेच्या मागून पेनाने वर्तुळ काढलं. इनामदारांनी वर्तुळाबाहेरचं सगळं ब्लेडने खरवडून टाकलं आणि स्लाइड परत यंत्रात सरकवली. अकरा मिनिटं दोघंही खुर्चीत बसू शकले नाहीत.

"सापडला की हो मॅडम," म्हणत इनामदारांनी टेबलावर चक्क ठेका धरला.

अहवाल यंत्राच्या सहीने निघाला: जनुकदोष आहे, गोळी आजच सुरू करावी. खाली शेरा होता: स्लाइड शाईने मळलेली आढळली, संबंधितांना समज द्यावी.