एकशे अठ्ठावन्न

थंडीतल्या सकाळी सुपरवायझर भूपेंद्रनं मीटरचा काटा सत्तरवर येताच वाफेचा कॉक बंद केला. तशी रुख्मानं बाही वर सारली आणि धान भिजवायच्या हौदात कोपरापर्यंत हात घातला.

"सत्तर अंश झाले म्हनता ना साहेब? मंग माहा हात काऊन नाई शिजला?"

भूपेंद्रला मिलमध्ये येऊन आठच दिवस झाले होते. डिप्लोमा केलेला, पण गडी अर्ध्या हळकुंडानं पिवळा. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचं धान सत्तर अंशांच्या पाण्यात भिजवायचं, असं त्याच्या वहीत होतं. बाया मात्र काटा एकशे साठच्या जवळ जाईपर्यंत वाफ सोडायच्या. तो त्यांना हसला. पाणी शंभरला उकळतं, मग हे एकशे साठ कुठून आणलं, म्हणे! परवा त्यानं सत्तरवर वाफ तोडली, हौदभर धान आंबलं आणि खापर फुटलं कुंदाबाईच्या डोक्यावर. अकरा वर्षं कॉक सांभाळणारी बाई मालकासमोर कामचोर ठरली आणि घरी गेली. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

त्यानं हात काढायला सांगितलं. रुख्मा म्हणाली, मले इंग्रजी येत नाई, तुमीच वाचा मीटरवर काय लिवलं हाय ते.

भूपेंद्र वाकला. आकड्यांखाली बारीक 'एफ' होता. फॅरनहाइट! वहीतले सत्तर तर सेल्सिअसचे. त्यानं मोबाइलवर सत्तरला नवानं गुणलं, पाचानं भागलं, बत्तीस मिळवले. एकशे अठ्ठावन्न. त्याचे कान लाल झाले.

रुख्मानं डाव्या हातानं कॉक उघडला. उजवा पाण्यातच ठेवला.

"आता तरी काढ, भाजेल."

"पयले कुंदाबाईले फोन लावा."

संध्याकाळी मालकाशी बोलून बघू, असं तो म्हणाला. काटा नव्वदवर गेला, मग शंभरवर. रुख्माच्या कपाळावर घाम आला, पण ती हलली नाही. परवापासून तिचा जीव जळत होता, हाताचं काय घेऊन बसलात! काटा एकशे पंधरावर आला. ते किती होतात, हे आता भूपेंद्रला मोबाइलवर बघावं लागलं नाही. त्यानं घाईघाईनं फोन लावला. उद्यापासून कामावर या, एवढं बोलून तो ठेवायला लागला.

"नुसतं या म्हनू नोका," रुख्मा म्हणाली. हात अजून आतच होता. "चुकी कोनाची होती, तेबी सांगा."