पाचवा तुकडा

“वर ‘श्री’ कुठंय?” रिखबचंदांनी नातीच्या खांद्यावरून स्क्रीनवर बोट टेकवलं.

“दादाजी, हे पत्र माणसाला नाही, मशीनला चाललंय,” चेलना म्हणाली.

“मशीन असलं म्हणून काय झालं? कुणाच्या तरी पेढीवरचंच असेल ना? आपल्या पेढीवरून ‘श्री’शिवाय एक पत्र गेलेलं नाही. घाल.”

चेलनाने रोमन अक्षरांत ‘श्री’ घातलं. त्याखाली दादाजींनी सांगितलेला सप्रेम नमस्कारही घातला. तिसऱ्या ओळीत कामाचं लिहिलं: शोधा, मिरची, रंग. मोडेम किरकिरला आणि ईमेल गेली.

साल होतं १९९६. इंटरनेटवरची पानं उघडून बघायची सोय दोंडाईच्यात अजून आली नव्हती. आली होती ती फक्त ईमेल, तीही फोनच्या तारेवरून रडतखडत. पण चेलना धुळ्याला कॉम्प्युटरचा कोर्स करून आली होती आणि येताना एक युक्ती घेऊन आली होती. परदेशात एक मशीन आहे. त्याला ईमेलने शब्द कळवायचा. ते शोधून यादी पाठवतं. यादीतलं हवं ते नाव कळवलं की सगळा मजकूर तुकड्यातुकड्यांनी ईमेलनेच घरी येतो.

दादाजींचा यावर काडीचा विश्वास नव्हता. कॉम्प्युटरचा हा डबा फोनला लागला की लाइन अडकते आणि मिरचीचा भाव विचारणारे दलाल तिकडे ताटकळतात, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी अट घातली. वाळताना मिरचीचा रंग का उडतो आणि काय केलं तर टिकतो, हे डब्याने रविवारपर्यंत सांगावं. नाही सांगितलं तर धुळ्याचा पुतण्या अनुज जीप घेऊन येईल आणि डबा उचलून नेईल. डबा गेला की चेलनाच्या वाट्याला उरणार होतं पापडाचं पीठ आणि बघायला येणारे पाहुणे. दोन्हींची तिला सारखीच धास्ती होती.

संध्याकाळी उत्तर आलं. मशीन आलेली प्रत्येक ओळ हुकूम समजत होतं. ‘श्री: असा हुकूम माहीत नाही. सप्रेम: असा हुकूम माहीत नाही.’ तिसऱ्या ओळीपर्यंत जायची तसदी त्याने घेतलीच नव्हती.

“उर्मट दिसतोय,” दादाजी म्हणाले. “पुन्हा लिही. या वेळी ‘श्री’ मोठं काढ.”

असे तीन दिवस गेले. मोठ्या ‘श्री’लाही मशीन बधलं नाही. चौथ्या दिवशी दादाजी मंदिरात गेले तेव्हा चेलनाने मन घट्ट करून ‘श्री’-नमस्काराविना बोडकंच पत्र पाठवलं. तासाभरात यादी हजर झाली. शनिवारी मजकूर यायला लागला. पाच तुकडे यायचे होते, चार आले. मिरचीला रंग कशाने येतो, उन्हात त्याचं काय होतं, सगळं होतं. उपाय तेवढा नव्हता. तो पाचव्यात असणार. आणि रविवार उजाडला तरी पाचव्याचा पत्ता नव्हता.

दादाजी मंदिरात जायला निघाले होते. त्यांच्या पाठोपाठ दादीचा, धापूबाईंचा आवाज आला. “भर दुपारी मिरची उघडी टाकू नका हो. झाकून घ्या. आणि पोती भिंतीला टेकवू नका, फळ्यांवर ठेवा.” चाळीस वर्षं दादी हे सांगत होती. चाळीस वर्षं दादाजी “हो, हो” म्हणत चपला घालत होते.

ते कोपऱ्यावर वळले, तशी चेलना कॉम्प्युटरपुढे बसली. पाचवा तुकडा तिने स्वतःच इंग्रजीत टाइप केला आणि छापून टाकला.

दादाजींनी आल्या आल्या कागद हातात घेतला. इंग्रजीचा गंध नव्हता, तरी ते वरून न्याहाळू लागले आणि पहिल्याच ओळीवर थबकले. वर ‘श्री’ होतं; तेवढी रोमन अक्षरं आता त्यांच्या ओळखीची झाली होती. तीन दिवसांच्या सवयीने चेलनाच्या बोटांनी ते आपोआप घातलं होतं.

“बघ!” दादाजींचा चेहरा फुलला. “शिकला की नाही? वळण लावावं लागतं. वाच पुढं.”

चेलनाने मराठीत अर्थ सांगितला. दुपारी झाका. भिंतीला टेकवू नका. फळ्यांवर ठेवा. धापूबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. गोदामाच्या किल्ल्या न्यायला आलेला हमाल झुलाल मात्र त्यांच्याकडे बघत चक्रावला.

“शेठ, हाई बठ्ठं ते अक्का दरसाल सांगस!”

“अक्का अंदाजानं सांगते,” दादाजी गरजले. “हा शोध आहे, शोध! साता समुद्रापलीकडून आलाय. जा, ताडपत्र्या काढ.”

अनुज जीप घेऊन आला आणि दहा किलो मिरची घेऊन परत गेला. डबा जागचा हलला नाही.

सोमवारी खरा पाचवा तुकडा आला. त्यात उपाय नव्हताच. या कामात ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांची नावं आणि त्यांचे आभार, एवढंच होतं. चेलनाला एकदम लाज वाटली. ती तशीच उठून स्वयंपाकघरात गेली.

“दादी, कालचा तो कागद मीच लिहिला होता. तुमचं सगळं घेतलं आणि तुमचं नावही नाही घातलं.”

“माझं बोलणं मला कळणार नाही होय?” धापूबाईंनी पदराने तोंड पुसलं, हसू काही पुसलं गेलं नाही. “नावाचं राहू दे. पुढच्या वेळी पाचही तुकडे हरवू देत. मला ह्यांना अजून बरंच सांगायचंय.”