दाढेखालचा मणी

“गालात गं मणी, बोटांत गं दोरा,
माझ्या गं लेकीचा हात कधी ना कोरा.”

आईला जाऊन सात वर्षं झाली होती. तरी जाळं मांडीवर घेतलं, की चिमीच्या कानात तिचा आवाज आपसूक सुरू व्हायचा. आज त्या आवाजात मध्येच धप्प झालं. पायाशी बसलेली महाराणी कलंडली होती.

महाराणी म्हणजे चिमीची कोंबडी. रंगानं तांबूस, स्वभावानं खाष्ट, आणि चिमीशिवाय कुणाच्या मांडीवर न बसणारी. आता तिची मान एका अंगाला पिळवटली होती. डावा पंख धुळीत लोळत होता. उठायला गेली की पाय फाकत आणि ती स्वतःभोवती एक गिरकी घेऊन पुन्हा आडवी होई.

“मानमोडीचा रोग,” अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडून बाबा म्हणाले. “सुरी आण. बाकीच्या अकरा कोंबड्यांना लागायच्या आत उरकू.”

“आधी डॉक्टरीणबाईंना दाखवू, बाबा. पाया पडते तुमच्या.”

“वा! सकाळपासून पाच गाठी घातल्यास, त्यातल्या तीन सुटल्या. हातातून मणी गळतात ते वेगळंच. पोरगी लुळी, कोंबडी लुळी. खायला काळ आणि भुईला भार, दोघी एका माळेच्या!”

चिमीनं गालातले मणी ओंजळीत काढले. शिशाचे, मधोमध चिरलेले मणी. मासे धरायच्या जाळ्याच्या काठाला ते वजनासाठी लागत. एकेक मणी दोरीवर बसवायचा आणि दाढेखाली दाबून मिटवायचा. मूठभर गालात ठेवले की हात मोकळे. या घरातल्या बायका असंच काम करत आल्या होत्या. पकडीनं एक बसेपर्यंत दातानं दहा बसत. आई गेल्यापासून बाबा मात्र पक्कडच वापरत. दात हलतात म्हणत.

तिनं महाराणीला टॉवेलात गुंडाळलं, टोपलीत घातलं आणि उचलायला गेली. डाव्या मनगटानं दगा दिला. टोपली कलली. बाबांनी एक शिवी हासडली आणि टोपली हिसकून घेतली. “चल. अकरांचा प्रश्न आहे, म्हणून येतोय.”

डॉक्टरीणबाईंनी कोंबडीला टेबलावर ठेवलं. चोच उघडून घसा पाहिला. डोळ्यांत बॅटरी मारली. पंजाखाली बोट दिलं. पंजा बोटाभोवती वळला नाही.

“बाकीच्या कोंबड्या?”

“ठणठणीत. उकिरडा उकरतायत,” बाबा म्हणाले.

“मग मानमोडी नसावी. ती एकीवर थांबत नाही. एक्स-रे फोटो काढू.”

फोटो आला. पोटाच्या काळ्या सावलीत सहा पांढरे ठिपके होते, लख्ख, आभाळात चांदण्या असाव्यात तसे. डॉक्टरीणबाईंनी ते बोटानं मोजले.

“शिसं. काय काम करता तुम्ही?”

“जाळी.” बाबांनी चिमीकडे बोट केलं. “ही सांडते, ती टिपते. तूच मारलंस गं तिला!”

चिमीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “वाचेल ना हो ती?”

“वाचेल बहुतेक. आजच्या आज आणलीस ना. रक्तातलं शिसं ओढून काढणारं इंजेक्शन देते, दिवसातून दोनदा, पाच दिवस. पोटातले मणी धुऊन काढू. अंधाऱ्या, उबदार जागी ठेव. मान हातानं धरून पातळ भरव, थेंब थेंब, ठसका लागू देऊ नकोस. आणि अंगणात एक मणी राहता कामा नये.” त्यांनी सुई भरली. “लोक उशीर करतात, कारण हे हळूच येतं. आधी सुस्ती. मग खाणं सुटतं, पोट दुखतं. मग एक पंख लोंबतो, पंजा धरत नाही. घरचे म्हणतात, आळशी झालीय. आणि एके दिवशी अचानक कोसळते.”

चिमीनं डावा हात हळूच मांडीखाली घेतला.

डॉक्टरीणबाईंची सुई हवेतच थांबली. “हाताला काय झालं?”

“नाटकं,” बाबा म्हणाले. “काम चुकवायचं.”

“मी तिला विचारतेय. पोट दुखतं?”

चिमीनं मान डोलावली.

“तोंड उघड बघू.”

चिमीनं तोंड उघडलं. हिरड्यांच्या काठाकाठानं एक निळसर रेघ गेली होती, शाईनं ओढल्यासारखी.

“मी जनावरांची डॉक्टर आहे,” बाई सावकाश म्हणाल्या, “पण हिला इथूनच मोठ्या दवाखान्यात न्या. मणी तोंडात धरते का ही?”

चिमी बापाकडे वळली. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

“बाबा, आईच्या हातातून पण भांडी पडायची.”

बाबांनी खिडकीचा गज धरला.

“तुम्ही तिलाही नाटकीच म्हणायचात. बाबा, आईला काय झालं होतं?”

बाबांनी खिशातला रुमाल काढला, चेहरा पुसला, घडी घालून परत ठेवला. मग चिमीकडे न बघता बोलले. आवाज अगदी साधा होता, एखादा हिशेब चुकल्याचं सांगावं तसा.

“तिच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, मण्यांचं शिसं अंगात भिनलंय म्हणून. मला वाटलं, तुझे दात कोवळे आहेत, दहा वर्षं तरी निघतील.”