निळे डाग

डॉक्टरांचं पत्र येऊन आठ महिने झाले होते, पण मोरेश्वररावांनी उत्तर दिलं नव्हतं. "तुमच्या बहिणीच्या मेंदूचे काही भाग आता साखर फारशी वापरत नाहीत, म्हणून त्यांना विसर पडतो. सख्ख्या भावंडांचीही आम्ही तपासणी करतो आहोत. याल का?" सोबत अक्कांच्या मेंदूचं चित्र होतं. जिथे साखर खपत नव्हती, तिथे निळे डाग होते.

तेव्हापासून एखादा शब्द आठवेना झाला, की तो निळा रंग आपल्याच कपाळामागे पसरतो आहे असं त्यांना वाटे.

आज ते अक्कांना भेटायला गेले. अक्का तळहातावर साखर घेऊन चाटत बसल्या होत्या.

"या. कोण आपण?"

"मी... इथलाच. मिरजेचा."

"आमचा मोरूही असाच पुटपुटतो. हुशार, पण भित्रा हो! मॅट्रिकचा निकाल लागला, तर माळ्यावर लपून बसला. मीच शाळेत जाऊन पाहून आले. पहिला आला होता मेला!"

मीच तो मोरू, हे त्यांच्या ओठांवर येऊन तिथेच राहिलं. "मग आता?" एवढंच त्यांनी विचारलं.

"आता माझे पाय गेले. भेटला तर सांगा त्याला, या खेपेस तुझा तूच बघून ये."

मोरेश्वरराव तिथून थेट पोस्टात गेले. कार्डावर त्यांनी "येतो" एवढंच लिहिलं, खाली सही केली आणि मन फिरायच्या आत कार्ड पेटीत टाकलं.