सत्काराला उत्तर

"तात्या, तुमच्या जठराच्या कॅन्सरमध्ये एक लांबलचक आरएनए सापडलाय," सर्जनबाई म्हणाल्या. "स्वतः काही बनवत नाही. नुसता पेशींच्या कानाला लागतो, वाढा म्हणून. उद्या गाठ काढू."

तात्यांना लगेच ओळख पटली. असली बिनकामाची, फूस लावणारी माणसं त्यांनी गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष म्हणून जन्मभर गप्प केली होती. उपाय एकच, सत्कार.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या दारात, स्ट्रेचरवर आडवं पडून त्यांनी पोटावर शाल घालून घेतली, वर नारळ ठेवायला लावला. नर्सनं नाइलाजानं टाळ्या वाजवल्या. त्यांच्या बायकोनं, माईंनी, मात्र स्ट्रेचरची कड घट्ट धरून ठेवली होती. हा माणूस परत घरी येईल ना?

तेवढ्यात पोट गुरगुरलं.

"आरएनए सत्काराला उत्तर देतोय," तात्या खुलले. "म्हणतोय, मी आपला जास्त वेळ घेणार नाही. बघ, चालला!"

माई पांढऱ्याफटक पडल्या. मंडळाच्या एकूणएक कार्यक्रमांत त्या पहिल्या रांगेत अडकल्या होत्या.

"अहो, असं म्हणणारा कधी खाली बसलाय का?" त्यांनी नारळ उचलला आणि स्वतःच स्ट्रेचर आत ढकललं. "डॉक्टरबाई, आधी त्याचा माइक काढून घ्या!"