चढावरची खुर्ची

शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तरीणबाई स्वस्थ बसल्या नाहीत. गावाभोवती फिरायच्या वाटांची त्या पुस्तिका करत होत्या. धडधाकट माणसाने कुठून जावं, काठीवाल्याने कुठून, चाकांच्या खुर्चीतल्याने कुठून, सगळं त्या स्वतः चालून लिहीत. खुर्चीची वाट पारखायला त्यांनी आपल्या दादालाच बरोबर घेतलं.

समुद्रालगतचा तो चढ सिमेंटचा होता, पण चांगलाच उभा होता. मध्यावरच्या सपाट जागी बाईंनी खुर्चीचा ब्रेक लावला.

"दादा, इथेच बस. मी खालून चढ मोजत येते."

खाली जाऊन त्या टेप लावायला वाकल्या, तोच वरून दादाचं हसणं ऐकू आलं. "हळू गं! आज बरंच बळ आलंय तुझ्या अंगात!"

बाईंनी वर पाहिलं. खुर्ची संथपणे चढत होती. दादाचे दोन्ही हात मांडीवर होते आणि खुर्चीमागे कुणीच नव्हतं.

ओठांवर आलेली हाक त्यांनी गिळली. दादा दचकला आणि ढकलणाऱ्याने हात सोडले, तर खुर्ची थेट खाली आली असती. चपला काढून, पावलं न वाजवता त्या चढू लागल्या.

"दमलीस का? थांब जरा," दादा म्हणाला.

भर चढावर खुर्ची थांबली. तसूभरही मागे सरकली नाही.

बाई चार पावलांवर पोचल्या. दादाने मान कलती करून काहीतरी ऐकून घेतलं.

"बरं बाई," तो म्हणाला, "नाही बघत मागे वळून."